शेऱ्याचा रकाना

मंजूर नकाशात ही इमारत चौथ्या मजल्यावर संपते.
मी सातव्यावर उभी आहे, धापा टाकत,
आणि माझ्या डोक्यावर कोणीतरी सुकुमाची भाजी चिरतंय.

एम्बाकासीत या बाजूला भिंती इतक्या जवळ
की शेजारणीला मीठ खिडकीतूनच देता येतं.
उजेड मधल्या फटीतून उतरतो,
तळाशी पोचेपर्यंत त्याची दुपार झालेली असते.

जिना : एकोणऐंशी सेंटीमीटर.
टेप धरली तेवढ्यात गॅसची टाकी खांद्यावर घेऊन एक पोरगा आला,
मी भिंतीला पाल चिकटावी तशी चिकटले.
खरं तर हेच लिहायला हवं :
एक बाई किंवा एक टाकी.

रखवालदार मुतिसो मागून येतोय, दिवे विझवत.
"मॅडम केरुबो, तारा नव्या आहेत."
नव्या आहेत. आणि दोऱ्याएवढ्या.
एका मीटरवर अकरा खोल्या,
फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
बोर्डाला तळवा लावला,
तापानं फणफणलेल्या मुलाचं कपाळ लागावं तसा लागला.

स्योम्बुआ गणवेश शिवते, हिरवे.
मशिनला हात लागला की झिणझिण्या येतात,
"सवय झाली," म्हणते, "चपला घालून बसते."
मी सॉकेट उघडलं.
तीन भोकं. दोनांत तार.
तिसऱ्याला अर्थ नाही.
लिहिताना पेन तिथंच अडलं थोडं.
जे जमिनीत जायचं
ते रोज या बाईतून जातंय.

तिनं दातानं धागा तोडला.
"सील केलंत तर माझं डिपॉझिट
मालक देणार, की तुम्ही?"
नियमावलीला बरीच परिशिष्टं आहेत.
मी खाली उतरले.

मागचं दार लोखंडी. त्याला कुलूप.
चोर येतात, मुतिसो म्हणाला. खोटं नाही.
मार्चमध्ये याच दारातून गेल्या दोन सायकली, एक टीव्ही
आणि कोणाचं तरी ओलं ब्लँकेट.
"चावी गळ्यातच असते माझ्या. झोपेतसुद्धा."

मी मेन स्विच खाली ओढला.
"उघड."

वरचा रेडिओ शब्दाच्या मधेच गेला.
मी मोजायला लागले.
पाच. मुलं खिदळली, त्यांना खेळ वाटला.
अकरा. चाव्या वाजल्या, नऊ आहेत त्या.
एकोणीस. ही नव्हे.
तीस. वरून पावलं, मग पावलांमागे पावलं.
चौतीस. मुलं हसायची थांबली.
एक्केचाळीस. जुडगा पडला.
अंधारात तो फरशी चाचपत होता,
श्वास त्याचा की माझा कळेना,
आणि मी मोजतच होते, आवाज न बदलता,
तेवढंच माझ्या हातात होतं.
पंचाऐंशी.
दार उघडलं. बाहेर ऊन, आणि उन्हात एक कोंबडी.
आत जिन्यावर कोण कोण उभं होतं
ते तेव्हा दिसलं.

शेऱ्याच्या रकान्यात चार ओळी मावतात.
मी लिहिलं : आतून, चावीशिवाय, उघडलं पाहिजे.
तीन कोऱ्या राहिल्या.

पंधरा दिवसांनी गेले.
जिना एकोणऐंशीच. वर नव्या मजल्याला विटा चढत होत्या.
वायरिंग पुढच्या महिन्यात, मालकाचा निरोप.
पण स्योम्बुआच्या खिडकीतून एक हिरवी-पिवळी तार
पाइपाच्या कडेकडेनं सात मजले उतरून
ओल्या मातीत शिरली होती.
कोणी केलं, विचारलं,
तर ती सुईत दोरा ओवत राहिली.

आणि मागच्या दाराला नुसती कडी.
तिच्याला पाठ लावून, खुर्चीत,
मुतिसो झोपलेला, तोंड उघडं,
रात्रभर आता कुलपाच्या जागी तोच.
गळ्यात आठ चाव्या.

सुटकेच्या मार्गात अडथळा : खुर्ची एक, माणूस एक.
मी फॉर्म काढला. परत ठेवला.
खांद्याला हात लावून त्याला उठवलं.
"मुतिसो, डावीकडे सरक.
अजून.
अजून थोडा."